संप्रेरके आणि कामविकृती

मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. किरुबाकरन यांनी ऑक्टोबर २०१५मध्ये बालकांवर अत्याचार करणाऱ्यांच्या खच्चीकरणाचा विचार सरकारने करावा असे सुचविले. वस्तुतः लैंगिक अत्याचारविषयक कायद्यांच्या सुधारणेसाठी नेमलेल्या न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३च्या अहवालात औषधी खच्चीकरण मानवी हक्कांशी विसंगत म्हणून नाकारले होते. वासनेचे विपर्यस्त वळण रक्तातील संप्रेरकामुळेच पडते, हे न्यायमूर्तींच्या सूचनेमागील गृहीतक मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

१८४९मध्ये शास्त्रज्ञ बेर्टोल्टने कोंबड्यांची वृषणे काढली आणि काहींच्या पोटात ती पुन्हा बसविली, तेव्हा या काहींचा तुरा, आरवणे आणि झुंजारपणा कायम राहिला. १९३५मध्ये टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार झाले, आणि वासनेची किल्ली सापडली असा समज दृढावला. परंतु कामविकृतीच्या रुग्णांत हे द्रव्य सामान्यांहून अधिक असते, असा निःसंदिग्ध दाखला अद्याप नाही. ते चुलीतला जाळ वाढवील. भांड्यात काय शिजते, हे त्याच्या हाती नाही. शिवाय आकर्षण विलक्षण असणे हाच विकार नव्हे; त्यातून स्वतःला क्लेश वा दुसऱ्यास इजा झाली तरच तो विकार, हा भेद २०१३च्या डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार-सूचीने स्पष्ट केला.

खरी उद्बोधक कैफियत आहे ती औषधांची. पीयूषिका ग्रंथीच्या गाठीमुळे प्रोलॅक्टिन वाढले की बहुधा कामेच्छा मंदावते. ते उतरविण्यासाठी कॅबरगोलीन देतात, आणि हे औषध मेंदूतील डोपामिनचेच काम करीत असल्याने क्वचित एखादा सरळमार्गी गृहस्थ जुगार, उधळपट्टी किंवा अनावर कामेच्छा यांच्या आहारी जातो. कंपवाताच्या याच जातीच्या औषधांनी पूर्वी कधी नसलेल्या कामविकृती उद्भवल्याच्या व औषध कमी करताच ओसरल्याच्या नोंदी आहेत. त्यांत दोषी कोण ठरवावा, रोगी की गोळी?

उलट दिशेचा प्रयोग इस्रायलचा. १९९८मध्ये रोझलर व विट्झटुम यांनी ३० पुरुषांना दरमहा टेस्टोस्टेरॉन घटविणाऱ्या ट्रिप्टोरेलिनचे इंजेक्शन व मानसोपचार दिले. विकृत कल्पना व कृत्ये थांबली, मात्र काहींच्या हाडांची घनता घटली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे विसरून चालणार नाही. शिवाय जाळ मंद केल्याने विकृतीची दिशा बदलली, असेही त्यावरून म्हणता येत नाही. स्वेच्छेने आलेल्या रुग्णाला, हाडांची तपासणी करीत दिलेला हा उपचार आणि न्यायालयाच्या फर्मानाने टोचलेली सुई, या दोहोंना एकच नाव देणे मला पटत नाही.

वाचकांच्या लैंगिक शंकांना ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात उत्तरे दिल्याबद्दल १९३४मध्ये र. धों. कर्व्यांवर खटला झाला, त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली, पण अशा शंका विचारण्याचा, औषधाने झालेला बदल सांगण्याचा संकोच अजून सरलेला नाही. म्हणून चेन्नईतील किल्पॉकच्या मानसिक आरोग्य संस्थेत असो वा चेन्नईच्या उत्तरेकडील गुम्मिडिपूंडीच्या साध्या दवाखान्यात, कॅबरगोलीनची चिठ्ठी लिहिणाऱ्याने ‘गोळी सुरू झाल्यापासून मन ताब्यात राहते ना?’ असे आपण होऊन विचारावे, आणि घरच्या माणसालाही वेगळे बोलावून विचारावे; कारण बदल प्रथम त्याच्याच ध्यानात येण्याचा संभव अधिक असतो.