मुसळी, अश्वगंधा आणि शरीरबळ

अहेरी-आलापल्लीच्या सागवानी जंगलांत पावसाबरोबर मुसळी उगवते, हें येथील शेतकऱ्यांस सांगावयास नको. अंगबळ व अंतःस्राव वाढविणारीं आणि मेद घटविणारीं म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांस शहरांत मोठी मागणी असल्यामुळें, मुसळी व अश्वगंधा लावाव्यात काय, असा प्रश्न अनेकांच्या मनांत येतो. त्याआधीं या मुळ्यांत बळ किती, हें पाहूं.

अश्वगंधेविषयीं कांहीं पुरावा आहे. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ५७ पुरुषांकडून आठ आठवडे वजनें उचलण्याचा व्यायाम करविला. कांहींना रोज ६०० मिलिग्रॅम मुळीचा अर्क दिला, इतरांना औषधरहित गोळी. उताणें निजून वजन उचलण्याची शक्ति पहिल्यांची सरासरी ४६ किलोंनीं, दुसऱ्यांची २६ किलोंनीं वाढली. टेस्टोस्टेरॉन हा अंतःस्रावही पहिल्यांत अधिक वाढला व मेद अधिक घटला. परंतु औषध न घेणाऱ्यांचेंही बळ वाढलें, तें केवळ व्यायामानें. शिवाय प्रयोग लहान व थोड्या काळाचा होता. या औषधीनें यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि डेन्मार्कनें २०२३ सालीं तिजवर बंदी घातली. मुसळीचे प्रयोग तर बहुतांशीं उंदरांवरच झालेले आहेत.

आतां शेतीची बाजू. मुसळीस निचऱ्याची भुसभुशीत जमीन लागते. जूनमध्यें अंकुरासह मुळ्या गादीवाफ्यांवर लावतात. पानें वाळल्यावरही त्या कांहीं आठवडे जमिनींत पक्व होऊं देऊन मग खणतात. सोलून वाळविल्यावर वजनाचा सुमारें पंचमांश उरतो. बेणें महाग असल्यानें भांडवल आधींच गुंतून पडतें. अश्वगंधेस कोरडें हवामान मानवतें. धानाच्या ओल्या बांध्यांत तिचें मूळ कुजतें.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, पहिल्या वर्षीं एक-दोन गुंठ्यांपलीकडे जाऊं नये. बेणें विकणाराच माल परत घेण्याचें वचन देत असेल, तर तें लेखी घ्यावें आणि दुसऱ्या व्यापाऱ्याकडेही भावाची चौकशी करावी. जंगलांतील मुसळी बीं पडण्यापूर्वीं खणूं नये. अंकुराचा गड्डा जागींच ठेवावा, म्हणजे पुढच्या पावसांत वेल मोडल्यासारखी ती जात नाहींशी होणार नाहीं.

आणि घरांतील मुलगा आखाड्यांत उतरत असेल, तर दूध, डाळ, पुरेशी झोंप व नियमित मेहनत यांची तजवीज प्रथम करावी. वैद्यास विचारल्याशिवाय त्यास पुडी देऊं नये.