दाराशी बसलेली मिरची

दार आपटू नये म्हणून तुमच्याकडे काय लावतात? अर्धी वीट, वरवंटा, नाहीतर पाण्याने भरलेला डबा, यातलं काहीतरी असणारच. आमच्या नंदुरबारकडे तर ते हवंच. उन्हाळ्यात दुपारनंतर वारं सुटतं. पुढचं-मागचं दार उघडं असलं की घरातून सरळ झोत जातो आणि दार असं आपटतं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली यावं. पलीकडे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या केल्यात, त्या काही उगीच नाहीत.

आमच्याकडे विटेचा तुकडा असे. पाहुणे येणार म्हणून मी तो उचलून मोरीशी ठेवला आणि परत आणायचा राहून गेला. चौथ्या दिवशी धाकटीचं बोट बिजागरीच्या फटीत सापडलं. हाड वाचलं, नख गेलं. नवं नख पुरतं यायला पाच महिने लागले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "वीट दिसायला वाईट, म्हणून काढलीस ना?" खरंच होतं ते. मग ठरवलं, पाहुण्यांसमोरही लपवावंसं वाटणार नाही असं वजन शिवायचं.

कापड जाड घ्या. जुन्या जीनच्या पँटचा पाय उसवला तर उत्तम, नाहीतर पडद्याचं उरलेलं कापड. तुकडा 17 इंच लांब, 8 इंच रुंद हवा. आतल्या पिशवीसाठी मांजरपाटाचा साडेसोळा बाय पावणेआठचा तुकडा. आतली पिशवी किंचित लहान असली की सगळा भार तीच पेलते, बाहेरच्या शिवणीवर ताण येत नाही.

आत वाळूच भरा. मी आधी तांदळाची कणी भरली होती, दोन महिन्यांत पोरकिडे झाले. मीठ पावसाळ्यात पाणी सुटून जमिनीवर डाग पाडतं. वाळू चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवून दोन दिवस कडक उन्हात वाळवायची. सव्वा किलो पुरते. आधी जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सैल बांधावी, नाहीतर बारीक कच मांजरपाटातून झिरपते.

भरतकाम शिवण्याआधीच करायचं, नंतर रिंग लागत नाही. नक्षी तुमच्या आवडीची. मी मिरची घेतली. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली आपण जन्मभर पाहतो, आणि आकारही सोपा: एक बाकदार पान नि वर हिरवा देठ. कापडाच्या लांबीच्या बरोबर मध्ये, खालच्या कडेपासून 3 इंचांवर नक्षीचा मध्य येऊ द्या.

त्यासाठी निराळं मशीन लागत नाही, घरचं पायाचं मशीन चालतं. फूट काढून टाका. खालचे दाते खाली करा. होत नसतील तर टाक्याची लांबी शून्यावर आणून दात्यांवर जाड पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवा, सुईपुरतं भोक ठेवून. जीनला 16 नंबरची सुई, वर भरतकामाचा रेशमी दोरा, बॉबिनमध्ये साधा सुती. रिंग हाताच्या भरतकामाच्या उलट लावायची, म्हणजे कापड मशीनच्या पाट्यावर सपाट टेकतं. ते ढोलकीसारखं ताणलेलं हवं.

आता सगळ्या जणी इथेच फसतात. फूट नसला तरी फुटाचा दांडा खाली करायचाच! तो वर राहिला की दोऱ्याला ताण येत नाही आणि खाली गुंता होतो. मी पहिल्या दिवशी तीनदा गुंता कापला, मग लक्षात आलं. बॉबिनचा दोरा वर ओढून घ्या, आधी मिरचीची कड शिवा, मग रिंग डावी-उजवीकडे हलवत आत भरा. पाय एका लयीत, हात सावकाश. बोटं रिंगच्या कडेवरच ठेवा.

आता शिवण. कापड उलटं करून 8 इंचांच्या दोन बाजू जोडा, नळी होईल. ती शिवण पाठीच्या मध्ये आणून खालची कड सरळ शिवा, उलटवा. वरचं तोंड मात्र आडवं नाही, उभं मिटायचं: डावी-उजवी बाजू एकमेकींना भिडवा. दुधाची त्रिकोणी पिशवी आठवते? तसा आकार येतो. मिरचीच्या वरच्या टोकाशी कापडी बंद दुमडून खोचा. आतली पिशवी याच तऱ्हेने, पण दुहेरी शिवणीची. वाळू घातल्यावर वर दोन बोटं जागा राहू द्या, म्हणजे ती जमिनीवर नीट बसते. शेवटची कड आत मुडपून हाताने शिवा, धुवायच्या वेळी उसवता येते.

पाठीची शिवण जमिनीवर टेकली की मिरची समोर उभी दिसते. दार पूर्ण उघडून बाहेरच्या कडेशी, बिजागरीपासून जितकी लांब ठेवाल तितकं तेवढ्याच वजनात दार घट्ट धरतं. सागवानी जड दाराला एक पुरत नाही, दोन करा. आणि कुणाचं बोट चेंगरलंच तर लगेच गार पाण्यात धरा. बोट वाकडं दिसलं, हलेना किंवा नखाखाली फाटलं असेल तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे न्या.

बंद मी मुद्दाम मोठा ठेवला. सासूबाईंना वाकवत नाही, त्या काठीच्या मुठीत तो अडकवून मिरची हवी तिथे ओढून नेतात. परवा पाहुणे आले, तेव्हा त्यांनीच ती पुढच्या दाराशी आणून ठेवली.