पोलादनगरीतील पंडवानी

'आयएनएस विक्रांत' ही विमानवाहू नौका २०२२ मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यासाठी लागलेले काही पोलादी पत्रे छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्यात तयार झाले होते. याच कारखान्याच्या नोकरवर्गात एक पंडवानी गायिका होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तिचे नाव तीजनबाई.

भिलाई हे कारखान्याभोवती वसलेले शहर. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामासाठी देशभरातून माणसे आली. तेलुगू, बंगाली, मल्याळी, पंजाबी, ओडिया, मराठी कुटुंबे एकेका सेक्टरमध्ये शेजारी म्हणून राहू लागली. प्रत्येकाने आपला सण सोबत आणला. कुठे दुर्गापूजा, कुठे गणेशोत्सव, कुठे ओणम. सण आला की गायक हवा, तबलजी हवा, पेटीवाला हवा. एकाच शहरात, इतक्या भाषांत गाण्याची संधी स्थानिक कलाकाराला अशी मिळते.

पण वर्गणीतून मिळणारी बिदागी सणापुरती असते. वर्षभर घर कसे चालायचे? तीजनबाईंच्या बाबतीत हा प्रश्न फार बिकट होता. त्या भिलाईजवळच्या गनियारी गावच्या, पारधी समाजातल्या. शाळा नशिबी नव्हती. महाभारताच्या कथा त्यांनी आजोबांकडून ऐकून पाठ केल्या. त्या काळी बायका पंडवानी बसून गात. उभे राहून, अभिनयासह गाण्याची 'कापालिक' शैली पुरुषांची मानली जाई. तीजनबाईंनी तीच निवडली. हातातला तंबोरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचे धनुष्य. बाई असून गाते म्हणून समाजाने त्यांना वाळीत टाकले. अशा कलाकाराला कारखान्याने नोकरी दिली. दरमहा पगार मिळू लागला आणि गाणेही चालू राहिले. पुढे २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण त्यांना मिळाले.

ही पद्धत आपल्याला अनोळखी नाही. सैन्यदलांच्या बँडमधला वादक गणवेशात असतो, त्याला वेतन असते, म्हणून तो निश्चिंतपणे सराव करतो. इंग्लंडमध्येही यॉर्कशरच्या 'ब्लॅक डाइक' गिरणीने १८५५ पासून आपल्या नावाचा बँड पोसला. मुंबईच्या गिरणगावात शाहिरांना कामगार श्रोते उदंड मिळाले, पण १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि ते श्रोतेही पांगले.

भिलाईचा कारखाना सुरू आहे. कायम नोकऱ्या मात्र पूर्वीपेक्षा खूपच कमी झाल्या आहेत. कंत्राटी कामगाराला कार्यक्रमासाठी रजा मागणेही जड जाते. आज रॅप करणारा किंवा गिटार वाजवणारा तिथला मुलगा मोबाइलवर गाणे सहज ध्वनिमुद्रित करील, पण सरावाला जागा आणि वेळेवर मानधन मोबाइल देत नाही. म्हणून सिव्हिक सेंटरच्या कलामंदिरासारखी सभागृहे परवडणाऱ्या भाड्यात मिळणे आणि मंडळांनी बाहेरच्या ऑर्केस्ट्राआधी गावातल्या मुलांना बोलावणे, या दोन गोष्टी मला पुरस्कारांपेक्षा मोलाच्या वाटतात. पालकांपैकी अनेकजण अशा मंडळांचे पदाधिकारी असतील; त्यांच्या हाती यातले पुष्कळ आहे.

भिलाईतली पंडवानी अजून थांबलेली नाही. २०२३ मध्ये याच शहरातील उषा बारले यांना पद्मश्री मिळाली.