पेटीवरचा आकडा, पडद्यावरचा खेळ

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला आलेल्या कुणालाही विचारा, त्याच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच येईल. इथल्या काउंटरपुढे एक प्रसंग वरचेवर घडतो. प्रोसेसर ठरलेला असतो, ग्राफिक्स कार्डासाठी दोन-तीन दुकानं पालथी घालून झालेली असतात, कॅबिनेटमधले रंगीत दिव्यांचे पंखेसुद्धा मुलाने निवडून ठेवलेले असतात. मग वडील बिलाची बेरीज करतात, क्षणभर गप्प होतात आणि दुकानदाराला म्हणतात, "आता उरलेल्यात बसेल असा मॉनिटर दाखवा."

गंमत अशी की ही उरल्यासुरल्या पैशांतली वस्तूच घरात सर्वांत जास्त मुक्काम ठोकते. ग्राफिक्स कार्ड चार-पाच वर्षांत धापा टाकू लागतं. बरा मॉनिटर मात्र दोन कॉम्प्युटर पाहतो. शिवाय आतल्या यंत्राने कितीही घाम गाळला, तरी डोळ्यांपर्यंत पोचतं ते मॉनिटर दाखवेल तेवढंच.

पेटीवर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो हर्ट्झचा आकडा, म्हणजे रिफ्रेश रेट. मॉनिटर सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो, ते हा आकडा सांगतो. ऑफिसातला साधा मॉनिटर ६० हर्ट्झचा असतो. त्यावरचं प्रत्येक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं. १४४ हर्ट्झवर तेच ६.९ मिलिसेकंद. मिलिसेकंदांचा हिशेब डोक्यात शिरत नसेल तर क्रिकेटच्या मैदानावर जावं. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाईपर्यंत सुमारे ६५ सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो. मधलं काहीच दिसत नाही. १४४ हर्ट्झवर ही उडी २७ सेंटीमीटरची होते, २४० वर १६ आणि ३६० वर ११. पहिल्या बढतीत ३८ सेंटीमीटर पदरात पडले. शेवटच्या बढतीत जेमतेम पाच. किंमत मात्र नेमकी उलट दिशेने चढत जाते. ६० वरून १४४ वर आलेल्या माणसाला फरक पहिल्याच मिनिटाला कळतो, नुसता माउसचा बाण हलवून पाहिला तरी. २४० वरून ३६० चा फरक जाणवायला बोटंही तशीच तयारीची लागतात.

आणि मुळात एवढी चित्रं येणार कुठून? ती बनवायची ग्राफिक्स कार्डाने. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या नेमबाजीच्या स्पर्धात्मक गेम मुद्दाम हलक्याफुलक्या ठेवलेल्या असतात. मध्यम कार्डही त्यांत सेकंदाला दीड-दोनशे फ्रेम, म्हणजे चित्रं, काढतं, आणि तिथे वेगवान मॉनिटरचं चीज होतं. सायबरपंक २०७७ सारखी गेम सगळी सजावट चालू ठेवून खेळायची, तर तेच कार्ड साठ फ्रेमपर्यंतही कसंबसं पोचतं. २०२२ ची एल्डन रिंग तर कॉम्प्युटरवर सेकंदाला ६० फ्रेमच्या वर जातच नाही. बनवणाऱ्यांनीच तशी मर्यादा घातली आहे. दिवसरात्र तीच खेळणाऱ्याने २४० हर्ट्झसाठी जादा पैसे मोजणं म्हणजे गल्लीत फिरायला रेसिंग बाइक घेणं. म्हणून दुकानात शिरण्यापूर्वी दोनच प्रश्न विचारावेत: घरात कार्ड कोणतं आहे, आणि त्यावर खेळलं काय जाणार आहे?

रिझोल्यूशनचा हिशेबही शेवटी कार्डापाशीच येतो. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, १४४० ओळींच्या पडद्यावर ३६.९ लाख आणि ४के वर ८२.९ लाख, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. प्रत्येक फ्रेमला हे सगळे ठिपके कार्डाला नव्याने रंगवावे लागतात. कार्ड तेच ठेवून नुसता ४के मॉनिटर आणला की गेम अडखळू लागते आणि दोष विनाकारण मॉनिटरच्या माथी येतो. स्टीम या गेमविक्रीच्या व्यासपीठाच्या पाहणीत गेली कित्येक वर्षं फुल एचडीच पहिल्या क्रमांकावर आहे, ते उगाच नव्हे.

इथेच एक सापळा असतो. एकाच किमतीला २४ इंची आणि २७ इंची फुल एचडी मॉनिटर शेजारी मांडलेले असले की मोठ्याचा मोह पडतो. पण ठिपके तेवढेच, फक्त जास्त जागेत पसरलेले. २४ इंचावर इंचाला साधारण ९२ ठिपके बसतात, २७ इंचावर ८२ च. टेबलापाशी हातभर अंतरावर बसलं की अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात. २७ इंच घ्यायचाच असेल तर १४४० चा घ्यावा. तिथे इंचाला १०९ ठिपके मिळतात, आणि सध्या मध्यम कार्डवाल्यासाठी हीच जोडी सर्वांत शहाणी म्हणावी लागेल.

आता दुसरा लाडका आकडा: एक मिलिसेकंद. ठिपक्याला एका रंगातून दुसऱ्या रंगात जायला लागणारा हा वेळ असल्याचं पेटी सांगते. हा वेळ जास्त असेल तर पळणाऱ्या पात्रामागे पुसट शेपटी दिसते. पण हा एक मिलिसेकंद बहुधा मॉनिटरचं ओव्हरड्राइव्ह, म्हणजे ठिपक्यांना रेटून पळवणारी सोय, शेवटच्या टोकाला नेऊन मोजलेला असतो. त्या टोकाला ठिपका हव्या त्या रंगाच्या पुढे जाऊन मागे येतो आणि शेपटीऐवजी चमकती किनार दिसू लागते, म्हणजे आजारापेक्षा औषध जालीम. पेटीवर 'एमपीआरटी' अशी अक्षरं असतील तर मामला आणखी वेगळा. तो आकडा मागचा दिवा झपाझप उघडझाप करून मिळवलेला असतो, आणि ती युक्ती चालू केली की पडदा अंधारा होतो.

शिवाय धूसरपणाचं एक कारण ठिपक्यांच्या वेगाशी संबंधितच नाही. सपाट पडदा प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत जागच्या जागी धरून ठेवतो. डोळे मात्र वस्तूमागे सरकत राहतात. फुल एचडी पडदा दोन सेकंदांत पार करणारी गाडी ६० हर्ट्झवर डोळ्यांना १६ ठिपके फराटलेली दिसते, २४० वर फक्त चार. पूर्वीच्या पेटाऱ्यासारख्या काचेच्या मॉनिटरला हा रोग नव्हता, कारण त्यात प्रत्येक ठिपका क्षणभर पेटून विझायचा. सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळून मोठी झालेली पिढी "तेव्हा खेळ जास्त स्वच्छ दिसायचा" असं म्हणते, तेव्हा त्यात नुसता आठवणींचा गोडवा नसतो. सुरुवातीचे सपाट मॉनिटर या बाबतीत खरंच मागे गेले होते.

पडद्याची जात कोणती, हे पेटीवर बारीक अक्षरांत असतं, पण रोजचा अनुभव त्यावरच ठरतो. आयपीएस पॅनल रंगांना प्रामाणिक असतं आणि बाजूने पाहिलं तरी चित्र बदलत नाही. त्याची खोड म्हणजे काळा रंग करडा दिसतो. अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यांतून उजेड झिरपल्यासारखा वाटतो. व्हीए पॅनलमधला फिकट-गडद फरक साधारण तिप्पट, त्यामुळे भुताटकीच्या गेम त्यावर खुलतात. मात्र स्वस्त व्हीएमध्ये गडद रंग हलताना डांबरासारखे ओघळतात. टीएन ही सर्वांत जुनी जात. मान थोडी वरखाली केली की त्यातले रंग पालटतात, पण वेगाच्या वेड्यांनी तिला सोडलेलं नाही. असुसने २०२३ मध्ये ५४० हर्ट्झचा मॉनिटर आणला तो टीएनचाच.

ओलेडची गोष्टच न्यारी. त्यात मागे दिवा नसतोच, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो. काळा म्हणजे खरोखर विझलेला ठिपका, आणि रंग बदलायला लागणारा वेळ जवळजवळ नाहीच. एकदा पाहिल्यावर दुसरं काही आवडत नाही, हे खरं. पण एकच चित्र तासन्‌तास एकाच जागी राहिलं तर त्याचा ठसा कायमचा उमटण्याची भीती असते. दिवसभर त्याच मॉनिटरवर एक्सेलच्या रकान्यांशी झुंजणाऱ्या आणि रात्री खेळणाऱ्या माणसासाठी हा धोका खरा आहे. वॉरंटीत या ठशांचा उल्लेख आहे की नाही, ते घेतानाच वाचावं.

पडदा मधोमध चिरल्यासारखा दिसणं हे गेमरांचं जुनं दुखणं. मॉनिटर अर्धं चित्र काढून झालेला असतो तोवर कार्ड नवी फ्रेम पुढे करतं. वरचा भाग शिळा, खालचा ताजा. एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक आणून मॉनिटरलाच कार्डाच्या तालावर चालायला लावलं. त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळं महागडं सर्किट लागायचं. एएमडीने फ्रीसिंकच्या रूपात तेच काम खुल्या मानकावर, जादा सर्किटशिवाय करून दाखवलं. २०१९ च्या जानेवारीत एनव्हिडियानेही आपली कार्डं अशा मॉनिटरांशी जुळवून घेतली आणि त्या भांडणात गिऱ्हाइकाचं भलं झालं. आज कुठल्याही कंपनीचं कार्ड असलं तरी फ्रीसिंकचा मॉनिटर बहुतेक वेळा चालून जातो. पेटीवर फक्त हर्ट्झचा पल्ला पाहावा. ४८ ते १४४ असा रुंद पल्ला असेल तर फ्रेम ४८ च्या खाली गेल्या तरी मॉनिटर त्याच फ्रेम दुबार दाखवून ताल सांभाळू शकतो.

एचडीआर, म्हणजे लख्ख उजेड आणि गडद अंधार एकाच चित्रात दाखवण्याचं वचन. त्याच्या शिक्क्यावर फारसा जीव टाकू नये. नुसतं 'एचडीआर१०' म्हणजे मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो, इतकंच. डिस्प्लेएचडीआर ४०० ही डिस्प्लेएचडीआर प्रमाणपत्रांची सर्वांत खालची पायरी, आणि तिच्यासाठी पडद्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळे उजळण्याचीही सक्ती नाही. २४ इंची मॉनिटरला दिलेला बाकही तसा शोभेचाच. बाक कामी येतो तो ३४ इंची रुंद पडद्यावर, जिथे कडा डोळ्यांपासून लांब पडतात.

"घरात मोठा टीव्ही आहे की, त्यालाच लावू!" असंही वडील म्हणतात, आणि ते अगदीच चुकीचं नाही. सोफ्यावर बसून गाड्यांची किंवा फुटबॉलची गेम खेळायला टीव्ही छान. फक्त त्याचा गेम मोड चालू करावा, नाहीतर चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही बटण दाबल्यानंतर जरा उशिराच हलतो. प्लेस्टेशन ५ ला मॉनिटर जोडणाऱ्यांसाठीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुरुवातीला ते यंत्र १४४० चं चित्र देतच नव्हतं. ती सोय सप्टेंबर २०२२ च्या अपडेटने आली. आणि ४के मध्ये १२० हर्ट्झ हवे असतील तर मॉनिटरवर एचडीएमआय २.१ चा पोर्ट लागतोच.

मोठ्या पडद्यांच्या किमतीबाबत मात्र जुनं गणित विसरावं. ३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटरवर पूर्वी २८ टक्के जीएसटी लागायचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला, लहान मॉनिटरांइतकाच. ३४ इंची रुंद मॉनिटरची जुनी किंमत डोक्यात धरून कुणी बसला असेल तर त्याने पुन्हा चौकशी करावी.

पेटी घरी आली की पहिली तपासणी ठिपक्यांची. पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पडदे आलटून पालटून लावावेत आणि मेलेला ठिपका शोधावा. एखाद-दुसऱ्या ठिपक्यासाठी सगळ्याच कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत, म्हणून दुकानदाराचा बदलीचा नियम पैसे देण्याआधी विचारलेला बरा. मग केबल. ती मदरबोर्डच्या पोर्टात नव्हे, खाली आडव्या बसलेल्या ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टात जायला हवी. ही चूक हास्यास्पद वाटते, पण महागडं कार्ड आत नुसतं बसून आहे आणि गेम प्रोसेसरमधल्या लहानशा चिपवर रखडते आहे, असे कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्यांकडे येतच असतात. केबलही पेटीतलीच वापरावी. जुन्या टीव्हीची एचडीएमआय केबल मॉनिटरचा वेग अडवू शकते.

शेवटचं काम विंडोजमध्ये. नवा मॉनिटर जोडला तरी विंडोज अनेकदा ६० हर्ट्झवरच राहतं. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जाऊन आकडा हाताने बदलावा लागतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर कौतुकाने घेऊन वर्षभर ६० वरच खेळणारी मुलं अनेक आहेत. आकडा बदलून माउस हलवला की बाण पडद्यावर तुपावरून घसरल्यासारखा पळतो, आणि मागे उभे असलेले वडील विचारतात, "आत्ता नेमकं काय केलंस?"