बेटावरचा पाहुणा आणि गोडे पाणी

सहलींच्या जाहिरातींत हल्ली एक आश्वासन हमखास आढळते. एकदाच पैसे भरा. मग राहणे, दोन्ही वेळचे जेवण, चहा-सरबत, नौकाविहार, सारे काही त्यातच आले! सोबतच्या चित्रात निळाशार समुद्र, पांढरी वाळू आणि माडाच्या सावलीत टाकलेली आरामखुर्ची असते. हिंदी महासागरातील मालदीव या देशात अशा विश्रामस्थानांची, म्हणजे रिझॉर्टांची, फार मोठी संख्या आहे. तेथे बहुधा एका बेटावर एकच रिझॉर्ट असते. कुरुंबा नावाचे तेथील पहिले रिझॉर्ट १९७२ साली सुरू झाले. आज त्यांची संख्या दीडशेच्या वर गेली आहे. आपल्या लक्षद्वीपमध्येही बंगारामसारख्या, एरवी वस्ती नसलेल्या बेटावर पर्यटकांच्या राहण्याची सोय करण्यात आली.

विद्यार्थी मित्रांनो, ही जाहिरात आपण विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने वाचू या. पाहुण्याला तेथे जे जे मिळते त्याची यादी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कोठून आली ते लिहा. तांदूळ, गहू, साखर, भाजीपाला जहाजाने आला. दिवे आणि पंखे चालविणारे डिझेलही जहाजानेच आले. मासे समुद्राने दिले आणि नारळ बेटाने. आता यादीतील शेवटची वस्तू घ्या. पाहुणा न्हाणीघरात जाऊन नळ सोडतो आणि गोडे पाणी धो धो वाहू लागते. हे पाणी कोठून आले? बेटावर नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही, धरण नाही. चहूकडे अथांग पाणी आहे, पण ते सारे खारट.

विहिरीचा तळ आणि बेटाचा तळ

हा प्रश्न शिक्रापूरच्या मुलांना परका वाटण्याचे कारण नाही. पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील हे गाव वेळ नदीकाठी वसलेले असले, तरी शिरूर तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत मोडतो. पाऊस बेताचा, नदी उन्हाळ्यात आटणारी. कालव्याचे पाणी पोहोचण्यापूर्वी येथील शेतकऱ्याची सारी भिस्त विहिरीवर असे. आजही विहीर आणि बोअर यांवाचून त्याचे भागत नाही.

आपल्याकडची विहीर खोदताना आधी माती लागते, मग मुरूम आणि त्याखाली काळा कातळ. पावसाचे पाणी माती-मुरमातून झिरपते, कातळाच्या भेगांत शिरते आणि तेथे साठून राहते. भेगा नसलेला कातळ या साठ्याचा तळ होतो. घागरीला बूड असावे तसेच हे.

मालदीव आणि लक्षद्वीप यांची बेटे प्रवाळांची आहेत. प्रवाळ हे समुद्रातील अगदी लहान जीव. त्यांच्या चुन्याच्या सांगाड्यांचे थर हजारो वर्षे एकावर एक साचून ही बेटे तयार झाली. बहुतेक बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम एक-दोन मीटर उंच आहेत. चुन्याचा हा खडक आणि त्यावरची वाळू दोन्ही सच्छिद्र, जणू चाळणच. बेटाच्या पोटात चारी बाजूंनी आणि खालूनही समुद्राचे पाणी शिरलेले असते. म्हणजे या घागरीला बूडच नाही! तरीही लक्षद्वीपचे लोक पिढ्यान् पिढ्या विहिरीचे गोडे पाणी पीत आले आहेत. हे कसे घडते?

एकास चाळीस

उत्तर घनतेत आहे. एक घनसेंटिमीटर गोड्या पाण्याचे वस्तुमान एक ग्रॅम असते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असल्यामुळे त्याच्या एका घनसेंटिमीटरचे वस्तुमान सुमारे १.०२५ ग्रॅम भरते. पावसाचे पाणी वाळूतून खाली उतरते आणि खालच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. वाळूच्या बारीक छिद्रांतून पाणी फार सावकाश सरकते. त्यामुळे दोन्ही पाणी एकदम मिसळून जात नाहीत.

आता थोडे गणित करू. बेटाबाहेर खाऱ्या पाण्याचा ४० सेंटिमीटर उंचीचा एक स्तंभ कल्पा. एक चौरस सेंटिमीटर तळाच्या या स्तंभाचे वस्तुमान ४० × १.०२५, म्हणजे बरोबर ४१ ग्रॅम होईल. बेटाच्या पोटात त्याला तोलून धरण्यासाठी गोड्या पाण्याचा ४१ सेंटिमीटर उंच स्तंभ लागेल. म्हणजे गोडे पाणी समुद्राच्या पातळीखाली ४० सेंटिमीटर असेल, तर ते पातळीच्या वर १ सेंटिमीटर उभे राहते. हिमनगाचा थोडाच भाग पाण्याबाहेर दिसतो, तसाच हा प्रकार.

हा नियम डच अभियंता बेडन घायबेन याने १८८० च्या दशकाच्या अखेरीस आणि जर्मन अभियंता हर्झबर्ग याने १९०१ मध्ये स्वतंत्रपणे मांडला. दोघांच्या नावांनी तो ओळखला जातो. बेटाच्या मध्यभागी हा साठा जाड आणि कडांकडे पातळ होत जातो. त्याचा आकार भिंगासारखा दिसतो, म्हणून त्याला गोड्या पाण्याचे भिंग म्हणतात. प्रत्यक्षात भरती-ओहोटीमुळे दोन्ही पाण्यांच्या सीमेवर मचूळ पाण्याचा एक पट्टा तयार होतो, आणि लहान बेटांवर पिण्याजोग्या भिंगाची जाडी काही मीटरच भरते.

पंप लावला तर?

एकास चाळीस हा हिशेब उलटा करून पाहा. विहिरीतून पाणी उपसले आणि भिंगाची पातळी १० सेंटिमीटरने खाली गेली. वरून पाहणाऱ्याला वाटेल, एवढ्याने काय बिघडले? पण भिंग स्थिरावेल तेव्हा त्याचा तळ ४० पट, म्हणजे ४ मीटर वर आलेला असेल. शिवाय जोराचा पंप लावला, तर विहिरीच्या नेमक्या खाली खारे पाणी शंकूच्या आकारात वर खेचले जाते. सकाळी गोडे असलेले पाणी संध्याकाळी मचूळ लागू लागते.

शिक्रापूरच्या आणि बेटावरच्या विहिरींत मोठा फरक आहे तो येथेच. आपली विहीर अति उपशाने आटते. पुढच्या चांगल्या पावसात ती पुन्हा भरते. बेटावरची विहीर आटत नाही. तिच्यात पाणी दिसत असते, पण ते पिता येत नाही. एकदा शिरलेले खारे पाणी मागे रेटायला अनेक पावसाळे लागू शकतात. म्हणूनच बेटावरचे जुने लोक उथळ विहिरी खणून पोहऱ्याने थोडे थोडे पाणी काढीत. भिंगाचा वरचा पापुद्राच तेवढा उचलण्याची ही रीत शास्त्राला धरून होती.

आता आपला पाहुणा बेटावर उतरवू. ५०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद असे एक मानीव बेट घ्या. क्षेत्रफळ १ लाख चौरस मीटर. वर्षाला १,६०० मिलिमीटर पाऊस धरला, तर बेटावर १६ कोटी लिटर पाणी पडते. ऐकायला आकडा मोठा आहे. पण बरेच पाणी बाष्प होऊन उडते, बरेच माड शोषून घेतात. एक-तृतीयांश जमिनीत मुरते असे मानू, म्हणजे सुमारे ५ कोटी ३३ लाख लिटर. रिझॉर्टात पाहुणे आणि नोकरवर्ग मिळून ५०० माणसे आहेत आणि अंघोळ, स्वयंपाक, चादरींची धुलाई, पोहण्याचा तलाव, बाग हे सारे धरून माणशी रोज ३०० लिटर पाणी लागते, असे समजा. वर्षाची गरज झाली सुमारे ५ कोटी ४८ लाख लिटर. मुरलेले सारेच पाणी उपसले तरी पुरणार नाही, आणि सारे उपसून चालतही नाही. भिंग टिकवायचे तर त्यातील काही पाणी समुद्राकडे वाहत राहिलेच पाहिजे. ग्रामीण भारतात घरोघरी नळाने पाणी देण्याची जी योजना २०१९ मध्ये आखली गेली, तिचे प्रमाण माणशी रोज ५५ लिटर आहे, हेही येथे लक्षात घ्या.

आपल्या समुद्रातील एक बेट

बेटावर राहायचे तर आधी गोडे पाणी पाहावे, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. मालवणजवळच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू केले. चारी बाजूंना समुद्र असलेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. हे बेट प्रवाळाचे नव्हे, खडकाचे. पण या विहिरींतले पाणीही मूळ पावसाचेच. कोकणात वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तो बेटावरही पडतो आणि खडकाच्या भेगांत साठतो. मुरूड-जंजिऱ्याच्या जलदुर्गात गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. वेढा पडला तरी गडावरचे लोक तग धरीत, ते अशा साठ्यांच्या जोरावर. मात्र ते पाणी मोजून-मापून वापरावे लागे.

समुद्रातून गोडे पाणी

भिंग पुरत नाही, म्हणून रिझॉर्टे समुद्राचे पाणीच गोडे करतात. त्यासाठी बहुधा उलट परासरणाची पद्धत वापरतात. परासरण तुम्ही जीवशास्त्रात शिकला आहात. मनुका पाण्यात टाकल्या की पाणी सालीतून आत शिरते व त्या टरारून फुगतात. अर्धपार्य पडद्यातून पाणी नेहमी कमी क्षारांकडून अधिक क्षारांकडे जाते. हा प्रवाह उलटा फिरवायचा, तर खाऱ्या बाजूने जोर लावावा लागतो. समुद्राच्या पाण्याचा परासरणी दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २७ पट असतो. यंत्रात प्रत्यक्ष दाब त्याच्या दुप्पट किंवा अधिक ठेवतात. मग पडद्यापलीकडे गोडे पाणी येते व क्षार मागे राहतात. या कामाला योग्य असा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी तयार केला.

अशा यंत्राला १,००० लिटर पाण्यामागे साडेतीन युनिटांच्या आसपास वीज लागते. आपल्या मानीव बेटाची रोजची गरज दीड लाख लिटर, म्हणजे ५२५ युनिटे. लहान जनित्र एक लिटर डिझेलमागे सुमारे साडेतीन युनिटे वीज देते असे धरल्यास, केवळ पाण्यासाठी रोज १५० लिटर डिझेल जळते. खोल्या गार ठेवणाऱ्या यंत्रांना याहून कितीतरी अधिक लागते, ते वेगळेच. शिवाय १०० लिटर समुद्रजलातून सुमारे ४० लिटर गोडे पाणी निघाले, की उरलेले ६० लिटर दीडपटीहून अधिक खारट होते. ते समुद्रात सोडताना बेताने, खोल पाण्यात सोडावे लागते; एरवी ज्या प्रवाळांवर बेट उभे आहे त्यांनाच अपाय पोहोचतो.

लक्षद्वीपमध्ये आणखी एक युक्ती वापरली आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती बेटावर रोज १ लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभारला. समुद्राच्या पृष्ठभागावरचे पाणी सुमारे २८ अंश सेल्सियस असते. हवेचा दाब वातावरणाच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही कमी केलेल्या टाकीत ते सोडले, की तेवढ्याच तापमानाला उकळू लागते. ही वाफ थंड करण्यासाठी सुमारे ३५० मीटर खोलीवरचे, १२-१३ अंशांचे पाणी नळाने वर आणतात. वाफेचे पाणी होते. क्षार मागे राहतात. शंभर लिटरमधून जेमतेम एक लिटर वाफ मिळते, पण समुद्राला तोटा नाही. प्रवाळबेटांजवळ समुद्र एकदम खोल होतो, म्हणून थंड पाणी किनाऱ्यालगतच सापडते. पुढे २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती येथेही असे प्रकल्प सुरू झाले.

यंत्र बंद पडले तेव्हा

मालदीवची राजधानी माले हे लहानशा बेटावरचे दाटीचे शहर आहे. लोकसंख्या वाढली तसे तेथील भिंग उपशाने खारावले आणि सांडपाण्याने दूषित झाले. सारे शहर समुद्राच्या गोड्या केलेल्या पाण्यावर जगू लागले. ४ डिसेंबर २०१४ रोजी तेथील जलशुद्धीकरण केंद्रात आग लागली आणि लाखाहून अधिक लोकांचे नळ कोरडे पडले. दुसऱ्याच दिवशी भारतीय हवाई दलाची विमाने पिण्याचे पाणी घेऊन निघाली. पाठोपाठ नौदलाची जहाजेही पोहोचली. भोवती महासागर असलेल्या शहराला विमानाने पाणी द्यावे लागले! त्याच्या दहा वर्षे आधी, २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत समुद्र अनेक बेटांवरून वाहून गेला होता आणि विहिरींत वरूनच खारे पाणी शिरले होते.

करून पाहा

एका ग्लासात अर्ध्यापर्यंत मिठाचे दाट पाणी घ्या व त्यात थोडा रंग घाला. पृष्ठभागालगत चमचा धरून त्यावरून साधे पाणी अगदी हळू ओता. रंगीत पाण्यावर स्वच्छ पाण्याचा थर दिसेल. आता एका ड्रॉपरने वरच्या थरातील पाणी थेंब थेंब काढा. दुसऱ्या वेळी ड्रॉपरचे टोक दोन थरांच्या सीमेजवळ धरून पाणी झटकन ओढा. ड्रॉपरमध्ये रंग केव्हा आला, त्याची नोंद करा.

दुसरा प्रयोग वहीत करायचा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. आपल्या घराचे वा शाळेचे छप्पर मोजा आणि शिक्रापूरला या वर्षी किती पाऊस झाला, त्याने गुणा. मग घरात रोज किती बादल्या पाणी लागते ते आठवडाभर लिहून ठेवा. छपरावरचे पाणी घराला किती दिवस पुरेल, ते काढा.

बेटावरच्या पाहुण्याला हा हिशेब दिसत नाही, कारण तो त्याच्या एकरकमी पैशांत धरलेला असतो. पण बेटाला तो रोज मांडावा लागतो, आणि ज्या गावाचे पाणी पावसाने भरते व उपशाने सरते त्यालाही. आपल्या गावचा हिशेब या पावसाळ्यापासून तुम्ही मांडू लागा.