आमचं स्वस्तिक, त्यांचा आकडा

सणसवाडीत खंडेनवमीला कारखान्यांत केवढा थाट असतो, ते नगर रस्त्यावरून गाडीनं जाणाऱ्याला बाहेरून कळत नाही. आदल्या दिवशी दुपारपासूनच मशिनं पुसायला सुरुवात होते. तेलकट प्रेस, लेथ, फोर्कलिफ्ट, सगळं लख्ख होतं. मग झेंडूच्या माळा, नारळ, आणि प्रत्येक मशिनवर कुंकवाचं स्वस्तिक.

अशाच एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी नोकरी झाली. एका वर्षी नव्या मशिनच्या जोडणीसाठी आलेला जर्मन इंजिनियर नेमका त्या दिवशी आमच्यात होता. त्यानं स्वतः बसवलेल्या मशिनवर आमच्यातल्या एकानं स्वस्तिक काढलं आणि तो गृहस्थ दोन पावलं मागे सरकला. पेढा दिला तो त्यानं घेतला, पण नजर त्या लाल रेघांवरून हटेना. वेळ सावरावी म्हणून आमचे एक सहकारी मोठ्या अभिमानानं म्हणाले, "हिटलरनं हे आमच्याकडूनच नेलं!" तो काहीच बोलला नाही.

मला मात्र ते वाक्य लागून राहिलं. कारण तसं मानणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. हिटलर आर्यांना मानायचा, म्हणजे आपल्यालाच मानायचा. त्याच्यापाशी गूढ विद्या होत्या. आपल्या पोथ्या त्यानं जर्मनीला नेल्या. चहाच्या टपरीपासून मोबाइलवरच्या निरोपांपर्यंत हे ऐकू येतं. त्याच्या आत्मचरित्राचं मराठी भाषांतरही सहज विकत मिळतं. म्हणून निवृत्तीनंतर मी जरा वाचायला बसलो. त्यातलं थोडं आज तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट त्या चिन्हाचीच. १८७० च्या दशकात हाइनरिश श्लीमान या जर्मन संशोधकाला ट्रॉयच्या उत्खननात हे चिन्ह असलेल्या वस्तू सापडल्या. युरोपातल्या काही पंडितांनी त्याचा संबंध 'आर्य' वंशाशी जोडला. आर्य हा शब्द त्यांनी संस्कृतातून घेतला खरा, पण भाषांच्या अभ्यासातला तो शब्द हळूहळू रक्ताच्या अभिमानाकडे वळला. व्हिएन्नात गीडो फोन लिस्ट आणि लांझ फोन लीबेनफेल्स ही मंडळी प्राचीन जर्मन अक्षरांची गूढ विद्या आणि रक्तशुद्धी यांची खिचडी शिजवत होती. त्यांच्या वर्तुळात हे चिन्ह रुजलं. तिथून ते १९१८ मध्ये म्युनिकच्या थूले सोसायटीकडे आलं आणि १९२० मध्ये नाझी पक्षाच्या झेंड्यावर चढलं. जर्मनीत त्याचं नाव 'हाकेनक्रॉइत्स', म्हणजे आकड्यांचा क्रूस. या सगळ्या प्रवासात आपल्या उंबऱ्यावरचं, शुभ चिंतणारं स्वस्तिक कुठेच नाही. कोण आपलं आणि कोण परकं, हे दाखवणारी ती खूण होती.

मग हिटलर स्वतः या गूढविद्येचा भक्त होता का? आपल्याकडच्या गप्पांत तसं छातीठोकपणे सांगतात. पण १९३८ च्या सप्टेंबरात न्यूरेंबर्गच्या अधिवेशनात त्यानं जाहीरच केलं, की आपली चळवळ हा काही पूजापंथ नव्हे आणि गूढवाद्यांना तिच्यात शिरू देणार नाही. आत्मचरित्रातही जुन्या जर्मनांचा वेष करून हिंडणाऱ्यांची त्यानं टिंगल केली आहे.

भक्त होता तो हाइनरिश हिमलर, एस. एस. या काळ्या गणवेशातल्या दलाचा प्रमुख. १९३४ मध्ये त्यानं वेवेल्सबुर्ग नावाची गढी भाडेपट्ट्यानं घेतली. ती आपल्या दलाचं जणू तीर्थक्षेत्र व्हावी, असं त्याच्या मनात होतं. बांधकामाला मजूर हवेत म्हणून शेजारी छळछावणी उभारली, आणि तिथे बाराशेहून अधिक कैदी मेले.

त्याच हिमलरनं १९३५ मध्ये 'आनेनएर्बे', म्हणजे पूर्वजांचा वारसा, नावाची संस्था काढली. शास्त्रज्ञांनी पुरावे शोधायचे, पण निष्कर्ष आधीच ठरलेला, असा तिचा कारभार. त्याच्याच आश्रयानं १९३८-३९ मध्ये एर्न्स्ट शेफर आणि त्याचे चार सहकारी कलकत्ता, गंगटोक असे करत ल्हासाला पोचले. त्यांतला ब्रूनो बेगर वाटेत भेटणाऱ्यांची डोकी, नाकं मोजत होता. इथवर ऐकताना हसू येईल. पण याच बेगरनं १९४३ मध्ये आउशवित्झ छावणीत जाऊन सांगाड्यांच्या संग्रहासाठी ज्यू कैदी निवडले आणि त्यांची मापं घेतली. त्यांतल्या ८६ जणांना मारण्यात आलं. १९७१ मध्ये न्यायालयानं बेगरला या गुन्ह्यात साथ दिल्याबद्दल दोषी ठरवलं.

आता ज्योतिषाकडे वळू. कार्ल एर्न्स्ट क्राफ्ट हा स्विस ज्योतिषी. नोव्हेंबर १९३९ च्या सुरुवातीला त्यानं पत्र लिहून कळवलं, की ७ ते १० तारखेच्या दरम्यान हिटलरच्या जिवाला धोका आहे. ८ तारखेला म्युनिकमध्ये गेओर्ग एल्सर या सुतारानं ठेवलेला बॉम्ब फुटला. हिटलर काही मिनिटं आधीच निघून गेला होता. क्राफ्टनं आपल्या भाकिताची आठवण करून दिली, तर पोलिसांनी चौकशीला त्यालाच उचललं! पुढे गोबेल्सच्या प्रचारखात्यानं त्याला कामाला लावलं. नॉस्ट्राडेमसच्या जुन्या श्लोकांचा अर्थ जर्मनीच्या विजयाकडे वळवून द्यायचा, हे ते काम.

१० मे १९४१ ला हिटलरचा उपनेता रुडोल्फ हेस एकटाच विमान घेऊन स्कॉटलंडला उतरला. त्याला ज्योतिषाचा नाद होता. अब्रू वाचवायला खापर ज्योतिष्यांवर फोडलं गेलं. ९ जूनला देशभर धाडी पडल्या, ज्योतिषी, भविष्यवेत्ते पकडले गेले, पुस्तकं जप्त झाली. क्राफ्टही आत गेला आणि जानेवारी १९४५ मध्ये बुखेनवाल्ड छावणीकडे नेताना वाटेत मेला.

आपल्याकडे २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात ज्योतिष्यांची चाचणी घेतली. २७ ज्योतिष्यांनी पत्रिका पाहून मूल हुशार की मतिमंद ते सांगायचं होतं. ४६ टक्के उत्तरं बरोबर आली, नाणं उडवण्याहून कमी. त्यावर वाद झाले, पण कुणा ज्योतिष्याला त्यासाठी तुरुंगात जावं लागलं नाही. जर्मनीत ज्योतिष खोटं म्हणून धाडी पडल्या असत्या, तर दोनच वर्षांनी काय झालं ते घडतं ना. १९४३ मध्ये पदच्युत मुसोलिनीला कुठे दडवलंय ते शोधायला हिमलरनं पकडलेलेच ज्योतिषी आणि लंबकवाले कामाला बसवले. पत्ता लागला तो वायरलेसचा संदेश मध्येच पकडल्यामुळे. सरकारला नको होतं ते आपल्या परवानगीशिवाय कुणी उद्याबद्दल बोलणं.

धर्माची कथा याहून साधी आणि मला विचाराल तर अधिक भयंकर. मुसोलिनीनं तरुणपणी देव नाही असं सांगणारी पुस्तिका लिहिली होती. त्यानंच १९२९ मध्ये पोपशी करार केला. हिटलरनं सत्तेवर येताच, जुलै १९३३ मध्ये, तसाच करार केला. काही प्रॉटेस्टंट पाद्र्यांनी येशूला आर्य ठरवून टाकलं. विरोध करणाऱ्यांपैकी मार्टिन नीमलर १९३७ पासून युद्ध संपेपर्यंत कोठडीत आणि छावण्यांत होते. १९३९ च्या शिरगणतीत नव्वद टक्क्यांहून अधिक जर्मनांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणून नोंदवलं. म्हणजे राज्य चालवणारे कारकून, पोलिस, रेल्वेवाले हे मंत्रतंत्रवाले नव्हते, चर्चमध्ये नाव असलेले लोक होते. गढी आणि तिबेट यांच्या गोष्टी रंगवताना हे नेमकं विसरायला होतं.

मराठी माणसाचा या राजवटींशी आलेला संबंध निराळा. १९२० च्या दशकात पुण्याच्या 'केसरी'त मुसोलिनीच्या इटलीचं कौतुक छापून येत होतं. डॉ. बा. शि. मुंजे १९ मार्च १९३१ ला रोममध्ये मुसोलिनीला भेटले. त्यांना भावली ती तिथल्या मुलांची कवायत आणि लष्करी शिस्त. १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं. दुसरीकडे, त्याच इटलीत लढताना संगमनेर तालुक्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. समोर आकड्यांच्या क्रुसाचं सैन्य होतं. त्यानंतर काही दिवसांतच बर्लिनच्या तळघरात गोबेल्स हिटलरची पत्रिका काढून एप्रिलअखेर ग्रह फिरणार असं सांगत होता. ३० एप्रिलला हिटलरनं आत्महत्या केली.

आणि आर्य म्हणून आपला मान? जर्मनीतल्या रोमा लोकांचे पूर्वज भारतातून गेले. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी म्हणतात, नाकाला नख, काळ्याला कालो. या हिशेबानं खरे आर्य तेच ठरायचे. 'शुद्ध' रोमांची काही कुटुंबं नमुन्यादाखल राखावीत, असं हिमलरच्या मनात होतं. तरी १६ डिसेंबर १९४२ च्या त्याच्याच हुकमानं हजारो रोमांना आउशवित्झला पाठवलं गेलं. एकूण दोन ते पाच लाख रोमा मारले गेले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आणि भारताबद्दल हिटलरनं आत्मचरित्रात लिहिलंय, की दुसऱ्या कुणापेक्षा तो इंग्रजांच्याच ताब्यात असलेला बरा.

तो जर्मन इंजिनियर जायच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलापाशी आला. मशिनवरचं कुंकू अजून पुसलेलं नव्हतं. त्यानं स्वस्तिकातल्या चार ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे कशासाठी?" त्यांच्या चिन्हात ठिपके नसतात. मी म्हणालो, मलाही ठाऊक नाही, आईला विचारून सांगतो.