खर्जाची वाट : अंगभूत सबवूफर असलेला स्पीकर कसा जोडावा?

ढगांचा गडगडाट किंवा डग्ग्याचा घुमारा घरात जसाच्या तसा ऐकू यावा, म्हणून होम थिएटरच्या संचात सबवूफर असतो. काही उंच स्पीकरमध्ये तो त्याच पेटीच्या तळाशी बसवलेला असतो आणि त्याला चालवणारा विवर्धक, म्हणजे ॲम्प्लिफायरही आतच असतो. अशा स्पीकरच्या पाठीमागे रिसीव्हरकडून येणाऱ्या तारांसाठी दोन वेगवेगळ्या जागा असतात, शिवाय विजेची वायर असते. मग कोठे काय जोडायचे? सोबतच्या पुस्तिकेत कृती असते, कारण सहसा नसते. आपण कारणापासून सुरुवात करू.

खर्जासाठी वेगळी व्यवस्था का?

माणसाच्या कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारतेचा ध्वनी ऐकू येतो. आवाजाची पातळी तीच ठेवून वारंवारता निम्मी केली, तर स्पीकरच्या पडद्याला चौपट मागेपुढे हलावे लागते. ८० हर्ट्झला पडदा १ मिलिमीटर हलत असेल, तर ४० हर्ट्झला ४ आणि २० हर्ट्झला १६ मिलिमीटर हलायला हवा. म्हणून खर्जासाठी मोठा पडदा आणि भरपूर शक्ती लागते.

दुसरे कारण विद्युत मंडलातले आहे. साध्या स्पीकरमध्ये उंच आणि खालचे स्वर वेटोळे व धारित्र यांच्या साहाय्याने वेगळे केले जातात. ८ ओहमच्या स्पीकरसाठी ३,००० हर्ट्झला ही विभागणी करायची, तर सुमारे ०.४ मिलिहेन्रीचे वेटोळे पुरते. तीच विभागणी ८० हर्ट्झला करायची तर सुमारे १६ मिलिहेन्रीचे, म्हणजे बरेच तांबे खाणारे जड वेटोळे लागते. त्यापेक्षा विभागणी आधी, अगदी क्षीण संदेशातच करून घ्यावी आणि खर्जाला स्वतःचा विवर्धक द्यावा, हे सोपे पडते.

तिसरी गोष्ट कानाची. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरला, तर ८० हर्ट्झची तरंगलांबी सव्वाचार मीटर येते. आपल्या डोक्याची रुंदी जेमतेम पंधरा-वीस सेंटिमीटर. एवढी मोठी लाट दोन्ही कानांशी जवळजवळ सारखीच पोचते, त्यामुळे ती कोणत्या बाजूने आली हे नीट कळत नाही. म्हणूनच सगळ्या स्पीकरचा खर्ज एकत्र करून एकाच तारेने पाठवला, तरी ऐकणाऱ्याचे फारसे बिघडत नाही.

दोन वाटा

पहिली वाट साध्या तारांची. रिसीव्हरच्या स्पीकर-जोडणीतून दोन तारा निघतात आणि स्पीकरला जातात. आतला विवर्धक याच तारांवरून संदेशाचा नमुना घेतो आणि शक्ती मात्र विजेच्या सॉकेटमधून घेतो. या वाटेने जायचे तर रिसीव्हरच्या यादीत पुढच्या स्पीकरसमोर ‘लार्ज’ आणि सबवूफरसमोर ‘नो’ अशी नोंद करावी. मग चित्रपटातला खास खर्जाचा भागही पुढच्या स्पीकरकडेच वळवला जातो.

दुसरी वाट जादा तारेची. वरच्या दोन तारा तशाच ठेवून, रिसीव्हरच्या ‘सब आउट’पासून स्पीकरच्या ‘एलएफई’ खाचेपर्यंत एक आवरणयुक्त तार न्यावी. स्पीकर दोन असतील तर तिला फाटा फोडावा. आता नोंद ‘स्मॉल’ आणि ‘यस’ अशी, तर विभागणी ८० हर्ट्झच्या आसपास. रिसीव्हर खर्ज वेगळा काढून या तारेने पाठवतो आणि उरलेला आवाज साध्या तारांनी जातो.

या दोन वाटांची सरमिसळ झाली की घोटाळा होतो. नोंद ‘स्मॉल’ आणि ‘यस’ अशी आहे, पण जादा तार जोडलेलीच नाही, तर खर्ज त्या रिकाम्या खाचेशी जाऊन संपतो. स्पीकर चांगला असूनही सबवूफर मुका राहतो आणि तो दुरुस्तीला धाडला जातो. उलट तोच खर्ज दोन्ही वाटांनी पोचला तर आवाज गढूळ होतो. दोन सारखे संदेश एकाच कलेत मिळाले तर पातळी ६ डेसिबेलने वाढते, विरुद्ध कलेत मिळाले तर ते एकमेकांना खोडतात. तेव्हा नियम एकच : खर्जाला वाट एकच असावी.

एक इशारा. स्पीकरच्या तारा ‘एलएफई’ खाचेत कधीही घालू नयेत. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॉट देताना त्या तारांवर २० व्होल्ट असतात. ती खाच मात्र एखाद्या व्होल्टच्या संदेशासाठी केलेली असते.

घुरघुर आणि तिसरी पिन

जादा तार जोडताच कधी कधी एकसारखी घुरघुर सुरू होते. ती विजेच्या ५० हर्ट्झची किंवा तिच्या पटीतली असते. रिसीव्हर एका सॉकेटवर, स्पीकर दुसऱ्यावर आणि दोन्हींना वेगवेगळी भूजोडणी, अशा वेळी तारेचे आवरण व अर्थिंग मिळून एक बंद वळसा तयार होतो आणि त्यात क्षीण प्रवाह वाहू लागतो. दोन्ही उपकरणे एकाच पट्टीवर लावली की बहुधा घुरघुर थांबते. केबल टीव्हीची तार काढून पाहावी, कारण वळसा तिच्यामुळेही झालेला असू शकतो.

घुरघुर घालवण्यासाठी प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा उपाय काही जण सुचवतात. त्याने आवाज थांबेलही, पण आतली तार धातूच्या पेटीला टेकली तर प्रवाहाला जमिनीत जाण्याची सुरक्षित वाट उरत नाही. तो पेटीला हात लावणाऱ्याच्या शरीरातून जातो. हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे, कारण शाळेच्या सभागृहातल्या ध्वनियंत्रणेलाही तेच लागू आहे.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

जुन्या स्पीकरच्या टोकांना १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. पडदा पुढे सरकेल. सेल उलटा धरा, पडदा मागे जाईल. आता पेटीत बसवलेले दोन सारखे स्पीकर एकसर जोडणीत रेडिओला जोडून शेजारी शेजारी ठेवा आणि एखादे गाणे लावा. मग एकाच स्पीकरच्या तारा उलट करा. खर्ज एकदम पातळ होईल, उंच स्वर मात्र बरेचसे टिकून राहतील. असे का होते, याचे उत्तर तरंगलांबीत शोधायला विद्यार्थ्यांना सांगावे.